हरलेल्या विमानांची बाजू

१२ मे १९४० रोजी बेल्जियममधल्या आल्बर्ट कालव्यावरचे दोन पूल उडवण्यासाठी ब्रिटिश हवाई दलाच्या १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची पाच विमानं निघाली. पूल जर्मनांच्या हाती पडले होते आणि भोवती विमानविरोधी तोफांचा पक्का वेढा होता. ज्यांची तयारी असेल त्यांनीच यावं, असं वैमानिकांना सांगण्यात आलं, तेव्हा सगळेच पुढे आले. पाचांतली चार विमानं परतलीच नाहीत. एका विमानातल्या डोनाल्ड गारलंड आणि टॉमस ग्रे या दोघांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच विमानात मागच्या मशीनगनवर बसलेला लॉरेन्स रेनल्ड्स अवघा वीस वर्षांचा होता. तो त्याच क्षणी, त्याच कारणासाठी मेला. त्याला कोणतंही पदक मिळालं नाही.

ते विमान होतं फेअरी बॅटल. अशी दोन हजारांहून अधिक विमानं बांधली गेली, तरी आज त्याचं नाव विमानवेड्यांखेरीज कुणाला फारसं ठाऊक नाही. हे पुस्तक अशाच विमानांबद्दल आहे. दुसऱ्या महायुद्धात जी हरली, फसली, उशिरा आली किंवा चुकीच्या जागी पाठवली गेली, आणि युद्ध संपल्यावर भंगारात आणि विस्मरणात गेली, त्या विमानांवर जीव लावणाऱ्या माणसांची जगभर एक मोठी बिरादरी आहे. मी त्या बिरादरीतला आहे. मराठीत स्पिटफायरबद्दल, स्टुकाबद्दल, हिरोशिमावर गेलेल्या बी-२९ बद्दल वाचायला मिळतं. डिफायंट, बॅटल, बफेलो, व्हेन्जन्स यांच्याबद्दल जवळपास काहीच मिळत नाही. म्हणून हा प्रयत्न.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्या वाचकाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की वाईट विमानावर प्रेम का करायचं? माझं उत्तर असं, की बहुतेक वेळा दोष विमानात नसतो, विमानाच्या आधी असतो. प्रत्येक लष्करी विमानाच्या मागे सरकारी मागणीपत्र असतं. ब्रिटिश हवाई मंत्रालय अशा मागणीपत्रांना क्रमांक देई. बॅटलचा पी.२७/३२, डिफायंटचा एफ.९/३५, मँचेस्टर बॉम्बरचा पी.१३/३६. तिरक्या रेघेनंतरचा आकडा वर्षाचा. हे क्रमांक नीट वाचले की विमानाच्या नशिबाचा अर्धा उलगडा होतो. बॅटलची मागणी १९३२ च्या जगातून आली. एक इंजिन, हजार पौंड बॉम्ब, हजार मैलांचा पल्ला. ते १९३६ मध्ये पहिल्यांदा उडालं तेव्हा आधुनिकच होतं. पण जे मर्लिन इंजिन स्पिटफायरमध्ये एका माणसाला ओढत होतं, तेच इथे तीन माणसं आणि बॉम्ब ओढत होतं. १४ मे १९४० ला फ्रान्समधल्या सेदाँजवळच्या पुलांवर ६३ बॅटल पाठवली गेली. त्यांतली ३५ गेली. आठ वर्षांपूर्वीच्या कागदाची किंमत त्या दुपारी विमानातल्या माणसांनी चुकवली.

डिफायंटची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि मला ती या साऱ्या विषयाची किल्ली वाटते. हे एक इंजिन आणि दोन माणसांचं लढाऊ विमान. पण वैमानिकासमोर एकही बंदूक नाही. चारही मशीनगन त्याच्या मागे, काचेच्या फिरत्या टरेटमध्ये बसलेल्या गनरच्या हातात. आज हे विचित्र वाटतं. १९३५ मध्ये मात्र हिशेब सरळ होता. जर्मनीतून येणाऱ्या बॉम्बरना ब्रिटनपर्यंत संरक्षण देईल अशा पल्ल्याचं जर्मन लढाऊ विमान नव्हतं. म्हणजे बॉम्बर एकटे येणार. त्यांच्या बाजूनं किंवा खालून उडत गनरनं शांतपणे नेम धरायचा. तर्कात खोट नव्हती. फक्त फ्रान्स शाबूत राहील हे त्यात गृहीत धरलेलं होतं. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, जर्मन लढाऊ विमानं इंग्लिश खाडीच्या पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली, आणि एफ.९/३५ चा पाया गेला. त्याआधी २९ मे रोजी, डंकर्कच्या आकाशात, २६४ स्क्वाड्रननं एका दिवसात ३७ विमानं पाडल्याचा दावा केला होता. खरा आकडा बराच कमी होता, पण यश खरं होतं. मागून येणाऱ्या जर्मन वैमानिकाला चार बंदुकांचा मारा अपेक्षित नव्हता. १९ जुलैला १४१ स्क्वाड्रनची नऊ डिफायंट फोकस्टनजवळ मेसरश्मिट या जर्मन लढाऊ विमानांच्या तावडीत सापडली आणि त्यांतली बहुतेक गेली. टरेटमधल्या गनरला पॅराशूट घेऊन वेळेत बाहेर पडणं जवळपास अशक्य होतं. पुढे हेच विमान रात्रीच्या पहाऱ्यावर गेलं आणि तिथे कामाचं ठरलं, कारण अंधारात येणारे बॉम्बर खरोखरच एकटे असत. मूळ मागणीपत्रात कल्पिलेली परिस्थिती फक्त रात्री उरली होती. त्यानंतर डिफायंटनं जर्मन रडारना गोंधळवणारी यंत्रं वाहिली. हजाराहून अधिक बांधलेल्या डिफायंटपैकी आज एकच संपूर्ण विमान शिल्लक आहे, ते ब्रिटनच्या आरएएफ म्युझियमच्या ताब्यात.

या विषयाचा अभ्यास कसा वाढला हेही थोडं सांगायला हवं. त्याचं मूळ युद्धकाळातल्या ओळखपटात आहे. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे काही सेकंदांत ओळखावं लागे, म्हणून काळ्या छायाकृतींचे तक्ते आणि पत्ते छापले जात. ब्रिटनमध्ये १९४१ पासून ‘द एरोप्लेन स्पॉटर’ नावाचं नियतकालिकच निघत होतं. छायाकृती पाठ करणाऱ्या मुलांना बॅटल आणि स्पिटफायर दोन्ही सारखीच महत्त्वाची होती. ती मुलं मोठी होऊन या क्षेत्राची पहिली पिढी झाली. १९६० पासून विल्यम ग्रीन यांनी युद्धातल्या विमानांचे छोटे खंड काढले आणि त्यांत प्रत्येक विमानाला, हरलेल्यालाही, सारख्याच गांभीर्यानं जागा दिली. लंडनच्या पुटनम प्रकाशनानं एकेका कारखान्याचा समग्र इतिहास छापायला घेतला. त्यामुळे एखादं फसलेलं विमान त्याच कारखान्याच्या आधीच्या आणि नंतरच्या विमानांच्या रांगेत पाहता येऊ लागलं. ही नोंदकारांची परंपरा. ती कोरडी वाटते, पण तिच्याशिवाय बाकी काही उभंच राहिलं नसतं.

दुसरी परंपरा उडवणाऱ्यांची. कॅप्टन एरिक ब्राउन या ब्रिटिश नौदलाच्या चाचणी वैमानिकानं ४८७ प्रकारची विमानं उडवली. हा विक्रम अजून मोडलेला नाही आणि मोडण्याची शक्यताही दिसत नाही. त्यांचं लिखाण वाचताना कळतं की ‘वाईट’ हा शब्द वैमानिकाच्या तोंडी फार नेमका असतो. कुठल्या वेगाला पंख झुकतो, उतरताना समोरचं काय दिसत नाही, इंजिन बंद पडल्यावर हातात किती सेकंद उरतात, असं सगळं ते सांगतात. तिसरी परंपरा मॉडेल बनवणाऱ्यांची, आणि तिला कमी लेखण्याची चूक अभ्यासक करतात. एखाद्या विसरलेल्या विमानाच्या चाकांच्या विहिरीचा रंग नेमका कोणता होता, यासाठी जुनी कागदपत्रं धुंडाळणारी ही माणसं आहेत. पुष्कळ मूळ छायाचित्रं त्यांच्या आग्रहामुळेच पुन्हा उजेडात आली.

१९७५ मध्ये जेम्स गिल्बर्ट यांचं ‘द वर्ल्ड्स वर्स्ट एअरक्राफ्ट’ आलं, आणि त्यानंतर ‘सर्वांत वाईट’ विमानांच्या याद्यांची लाट आली. या लाटेनं विषय लोकांपर्यंत नेला, हे मान्य. पण तिनं नुकसानही केलं, कारण यादीतल्या विमानावर हसून पान उलटता येतं. त्या विमानात बसून ज्यांनी जीव दिला त्यांचं काय, हा प्रश्न यादी विचारत नाही.

त्याला उत्तर दिलं ते चौथ्या, सर्वांत अलीकडच्या प्रवाहानं. दोन्ही बाजूंच्या दफ्तरांतल्या नोंदी समोरासमोर ठेवून एकेका दिवसाची लढाई तपासायची, ही त्याची रीत. ख्रिस्तोफर शोअर्स, ब्रायन कल आणि यासुहो इझावा यांनी मलाया आणि ब्रह्मदेशातल्या हवाई युद्धावर केलेलं काम याचा नमुना आहे. या रीतीनं पाहिलं की जुन्या निकालांची फेरतपासणी करावी लागते, आणि ब्रूस्टर बफेलो या अमेरिकन विमानाइतका बोलका खटला दुसरा नाही.

सिंगापूर, मलाया आणि रंगूनमध्ये बफेलोचा धुव्वा उडाला. ४ जून १९४२ ला मिडवे बेटावरून उडालेल्या अमेरिकन मरीन दलाच्या बफेलोंपैकी बहुतेक एकाच सकाळी गेली. इथवर पाहिलं तर निकाल लागलेला आहे. पण याच विमानाची हलकी, आधीची आवृत्ती फिनलंडनं घेतली होती. एकूण ४४ विमानं. फिनिश मेकॅनिकांनी इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधली एक पिस्टन रिंग उलटी बसवली आणि तेल फेकण्याची खोड काढली. मलायातल्या बफेलोवर जादा वजन होतं, हवा उष्ण आणि दमट होती, काही इंजिनं प्रवासी विमानांतून काढलेली, वापरलेली होती, आणि वैमानिकांपैकी अनेक नवखे होते. फिनलंडची हवा थंड, विमान हलकं, वैमानिक सोव्हिएतांविरुद्धच्या हिवाळी युद्धात तावून सुलाखून निघालेले. तिथल्या २४ क्रमांकाच्या स्क्वाड्रननं १५ ब्रूस्टर लढाईत गमावून ४५९ सोव्हिएत विमानं पाडल्याचा दावा केला. दाव्यातून कितीही वजा केलं तरी उरतं ते थोडं नाही. त्यांतलं बीडब्ल्यू-३७२ हे विमान जून १९४२ मध्ये लढाईत जायबंदी होऊन एका तळ्यात उतरलं होतं. १९९८ मध्ये ते रशियातल्या त्या तळ्यातून बाहेर काढलं गेलं आणि आता फिनलंडमध्ये, मोडक्या अवस्थेतच, जतन केलेलं आहे. त्याला नवा रंग दिला नाही, ही मला मोठ्या समजुतीची गोष्ट वाटते.

बेल कंपनीच्या एअराकोब्राचंही असंच झालं. ब्रिटिशांनी नाकारलं, अमेरिकनांनी नाइलाजानं वापरलं, आणि जिथे लढाई कमी उंचीवर होत होती त्या सोव्हिएत आघाडीवर पोक्रिश्किनसारख्या वैमानिकांनी त्याच विमानानं नाव कमावलं.

आपल्याकडच्या धाग्यांविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण ते ठाऊक नसतात. १९४१ मध्ये भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला वेस्टलंड लायसँडर ही विमानं मिळाली, ती मुंबई प्रांताच्या युद्धनिधीतून. पेशावरला मुंबईचे गव्हर्नर रॉजर लम्ली यांच्या हस्ते ती सुपूर्त झाली. लायसँडर हे सैन्याला वरून नजर पुरवणारं संथ, उंच पंखांचं विमान. १९४० मध्ये फ्रान्सच्या आकाशात त्याची दैना उडाली होती. तीच लायसँडर घेऊन हा स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टाँगूला गेला. पोचल्यावर लगेचच जपानी बॉम्बहल्ला झाला. ३ फेब्रुवारी १९४२ ला स्क्वाड्रनचे प्रमुख के. के. मजुमदार एकट्यानं लायसँडर घेऊन सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, हद्दीतल्या जपानी तळावर बॉम्ब टाकून आले. निरीक्षणाच्या विमानाखाली बॉम्ब टांगलेले, आणि सोबत संरक्षणाला ब्रिटिशांच्या ६७ स्क्वाड्रनची दोन बफेलो! जगानं नापास ठरवलेल्या दोन जातींची ही तीन विमानं त्या दिवशी आपल्या वायुसेनेच्या इतिहासातली एक मोठी कामगिरी करत होती. मजुमदार यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. १९४५ मध्ये लाहोरला हरिकेन विमानाच्या अपघातात ते गेले. लायसँडरला मात्र युरोपात दुसरा जन्म मिळाला. लहानशा शेतात उतरून तेवढ्याच जागेत उडण्याच्या गुणामुळे चांदण्या रात्री फ्रान्समध्ये गुप्तहेर सोडण्याचं आणि परत आणण्याचं काम त्यानं केलं.

दुसरा धागा व्हल्टी व्हेन्जन्सचा, आणि या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्याच्यावर आहे. १९४० मध्ये स्टुकांचा धाक युरोपवर बसला असताना हे सूर मारणारं अमेरिकन बॉम्बर आधी फ्रान्सनं आणि मग ब्रिटननं मागवलं. साधारण विमानाचे पंख धडाला किंचित तिरके जोडलेले असतात. सरळ उडताना त्यातून उचल मिळते. पण नाक खाली करून उभा सूर मारला की तीच उचल विमानाला निशाण्यावरून सरकवते. व्हेन्जन्सचा पंख तसा तिरका नव्हताच. त्यामुळे सूर अगदी उभा, आणि नेम अचूक. त्याची किंमत सरळ उड्डाणात मोजावी लागे: विमान नाक वर करून चाले आणि उतरताना वैमानिकाला समोरची धावपट्टी नीट दिसत नसे. इंजिन तापे, तेल पिई. अमेरिकन हवाई दलानं ते लढाईत वापरलंच नाही. निशाणबाजीच्या सरावासाठी कापडी लक्ष्य ओढायला लावलं. भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रननी मात्र १९४३-४४ मध्ये आराकान आणि इंफाळच्या आघाडीवर ते लढवलं. डोंगराच्या कुशीत लाकूड-मातीखाली दडलेल्या जपानी मोर्च्यांवर बॉम्ब टाकायला उभ्या सुरापेक्षा नेमकं साधन तेव्हा नव्हतं. तिथे आकाशात जपानी लढाऊ विमानं विरळ झाली होती, म्हणून व्हेन्जन्सची संथ चाल भोवली नाही. पीटर स्मिथ यांनी १९८६ मध्ये या विमानावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, आणि के. एस. नायर यांच्या ‘द फरगॉटन फ्यू’ या २०१९ च्या पुस्तकानं त्या काळातल्या भारतीय वैमानिकांना इंग्रजी वाचकांसमोर आणलं. मराठीत ते अजून यायचे आहेत.

तिसरा धागा सोलापूरच्या माणसाचा. वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. तिथे हार्लो ट्रेनर, कर्टिस हॉक आणि व्हल्टीची बॉम्बर बांधायचं ठरलं होतं. जपानी फौजा जवळ आल्या, १९४२ मध्ये सरकारनं खासगी भागीदारांचा हिस्सा घेतला, आणि थोडीच विमानं तयार होऊन कारखाना मुख्यतः अमेरिकन विमानांच्या दुरुस्तीला लागला. पहिलं स्वप्न अर्धवट राहिलं, पण माणसं शिकली. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बर याच कारखान्यानं जुळवून पुन्हा उडवली. जगातल्या वस्तुसंग्रहालयांत आज दिसणाऱ्या लिबरेटरपैकी काही भारतातून गेलेली आहेत.

आजच्या वाचकाला हा विषय का हवा, याचं उत्तर याच कारखान्यात सापडतं. १९६१ मध्ये तिथूनच मारुत हे लढाऊ विमान उडालं. आराखडा कुर्ट टँक यांचा, म्हणजे ज्यांनी युद्धकाळात फॉके-वुल्फ १९० घडवलं त्यांचा. सांगाडा उत्तम, त्याला साजेसं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. आज तेजसच्या इंजिनांच्या पुरवठ्याला उशीर झाला की वर्तमानपत्रांत चर्चा होते. हीच गोष्ट १९४१ मध्ये अव्रो मँचेस्टरची होती: मोठं बॉम्बर, पण रोल्स-रॉइसच्या व्हल्चर नावाच्या न पिकलेल्या इंजिनांवर टांगलेलं. त्याच सांगाड्याला लांब पंख आणि चार मर्लिन लावले तेव्हा लँकेस्टर झालं. सोव्हिएत वैमानिक ज्या लॅग-३ ला ‘पॉलिश केलेली हमखास शवपेटी’ म्हणत, त्यालाच दुसरं इंजिन बसवून ला-५ घडलं. इंजिन, मागणी आणि वेळ यांची गाठ कशी पडते किंवा सुटते, हे जिंकलेल्या विमानांत दिसत नाही, कारण तिथे सांधे झाकले गेलेले असतात. संरक्षणखरेदीवर मत देणाऱ्या नागरिकाला हरलेली विमानं जास्त शिकवतात.

हे प्रेम आंधळं असू नये, अशीही माझी धडपड आहे. ब्लॅकबर्न बोथाची वकिली या पुस्तकात नाही. कमी ताकदीचं, बाहेरचं नीट न दिसणारं हे विमान आघाडीवर निरुपयोगी ठरल्यावर शिकाऊ वैमानिकांच्या हाती दिलं गेलं, आणि पोरं त्यात मेली. तो निर्णय अक्षम्य होता. इटलीच्या ब्रेडा ८८ नं १९३७ मध्ये वेगाचे विक्रम केले. युद्धाचं सामान चढवल्यावर त्याला धड उडताही येईना, आणि शेवटी शत्रूला फसवण्यासाठी धावपट्टीकडेला नुसतं उभं करण्यात आलं. जर्मनीच्या हाइन्केल १७७ ला आग लागे, कारण दोन-दोन इंजिनं एकत्र जखडली होती, आणि एवढ्या अवजड विमानानं सूरही मारावा असा हट्ट वरून आलेला होता. अशा ठिकाणी मी हट्ट धरणाऱ्यांची नावं घेतली आहेत. नाझी राजवटीची विमानं गुलाम मजुरांच्या हातूनही बनली, हे सांगितल्याशिवाय त्यांच्या आकारांचं कौतुक मी कुठेही केलेलं नाही.

प्रत्येक प्रकरण तीन प्रश्नांभोवती फिरतं: हे विमान कुणी, कशासाठी मागितलं, ते तयार होईपर्यंत जग किती बदललं, आणि त्या फरकाची किंमत कोणत्या माणसांनी भरली. तांत्रिक आकडे लागतील तेवढेच आहेत. जपानी आणि सोव्हिएत विमानांना जागा कमी मिळाली आहे. त्या भाषांतली मूळ कागदपत्रं वाचणारा मराठी अभ्यासक पुढे आला तर या कामाचा दुसरा भाग त्यानं लिहावा.

ज्यांना प्रत्यक्ष पाहायचं आहे त्यांनी दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात जावं. तिथे लायसँडर आहे, आणि वेस्टलंड वापिटीही आहे, जिच्यावर १९३३ मध्ये आपल्या हवाई दलाचं उड्डाण सुरू झालं. ही संपूर्ण अवस्थेतली जगातली एकमेव वापिटी. जपानी आत्मघाती ओका विमानही त्याच छपराखाली आहे. वेस्टलंड व्हर्लविंड, शॉर्ट स्टर्लिंग आणि फेअरी बॅराकुडा यांचा मात्र एकही पूर्ण नमुना उरलेला नाही. ब्रिटनच्या नौदल विमान संग्रहालयात अपघातस्थळांवरून आणलेल्या तुकड्यांतून बॅराकुडा पुन्हा जुळवण्याचं काम हाती घेतलेलं आहे. व्हेन्जन्स भारतात एकही नाही. पण ती उडवणाऱ्या, तिची इंजिनं उघडणाऱ्या, तिच्यावर बॉम्ब चढवणाऱ्या माणसांची घरं इथे आहेत. त्यांच्या उड्डाणवह्या, पेशावर किंवा विशाखापट्टणहून आलेली पत्रं, स्क्वाड्रनचे गटफोटो ज्यांच्या कपाटांत असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी एकदा प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवावं. पुढच्या आवृत्तीत व्हेन्जन्सचं प्रकरण त्यांच्या नोंदींच्या आधारे नव्यानं लिहायचं आहे.